पान चौदावरच्या सहा ओळी

फाटकावरचा रंग ओला होता. अध्यक्षसाहेब गाडीतून उतरले, आधाराला म्हणून त्यांनी फाटकाला हात लावला आणि त्यांची चार बोटं निळी झाली. उपसंचालक परांडकर धावत आले. खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढून त्यांनी अध्यक्षांचं एकेक बोट, तान्ह्या बाळाचं पुसावं तसं, पुसायला घेतलं. अध्यक्ष म्हणजे आमदार भाऊसाहेब निंबुरे, पाच वेळा निवडून आलेले. ते हात पुढे करून शांत उभे राहिले आणि मान वर करून पाटी वाचू लागले. 'शासकीय कीर्तन प्रशिक्षण केंद्र व मुलींची निवासी पाठशाळा.'

"रंग काल दिला वाटतं," भाऊसाहेब म्हणाले.

"दर वर्षी याच महिन्यात देतो, साहेब," परांडकर म्हणाले.

मी मागे दोन पावलांवर होतो. ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. कामकाज अजून सुरू झालं नव्हतं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी आता निवृत्त आहे. गावाचं, खात्याचं आणि समितीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा मी आमदारांच्या समित्यांवर प्रतिवेदक होतो. समितीत कोण काय बोललं ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम. दौऱ्यावर माणसं कमी असायची, म्हणून पाहणीचं टिपणही माझ्याच गळ्यात पडायचं.

ही समिती काय करायची ते सांगतो, कारण त्यावरच सगळं आहे. मंत्री सभागृहात उत्तर देताना शब्द देतात. रस्ता करू, दवाखाना सुरू करू, सहा महिन्यांत निर्णय घेऊ. दिलेला प्रत्येक शब्द एका यादीत चढतो आणि तो पाळला गेला की नाही हे ही समिती बघते. पाळला नसेल तर खात्याच्या सचिवाला बोलावून जाब विचारते. पाळला आहे अशी समितीची खात्री पटली, की तो शब्द यादीतून काढून टाकायचा. एकदा काढला की तो संपला. पुन्हा त्याबद्दल कुणी विचारू शकत नाही.

या डोंगरपट्ट्यातली निम्मी गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लेकरंबाळंही बरोबर जातात. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला फडावरच्या झोपडीत एकटी ठेवायची कशी, म्हणून लग्न उरकून टाकतात. या मुलींसाठी निवासी पाठशाळा काढू, तिथे शाळाही होईल आणि कीर्तनाचं शिक्षणही, असं सांस्कृतिक कार्याच्या मंत्र्यांनी त्या दौऱ्याच्या चार वर्षं आधी सभागृहात सांगितलं होतं. बाकं वाजली होती. ते उत्तर मीच उतरवून घेतलं होतं आणि त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला सांगितलंही होतं. आमचं घर माळकऱ्यांचं. कीर्तन म्हटलं की मी जेवण सोडून उठतो. सरकारने आयुष्यात एकदा तरी माझ्या मनातलं काही करायचं ठरवलं, असं मला वाटलं होतं.

चार वर्षं खात्याचं उत्तर एकच, 'प्रक्रिया सुरू आहे.' पाचव्या वर्षी अचानक पत्र आलं, 'कार्यवाही पूर्ण.' म्हणून समिती बघायला आली होती. अकरापैकी चारच सदस्य आले होते. त्यातल्या दोघांना दुपारी जवळच्या देवीचं दर्शन उरकायचं होतं.

आत गेलो. पाठशाळा म्हणजे सरकीचं जुनं गोदाम. चुना काल-परवाच मारलेला, पण चुन्यालाही सरकीचा खवट वास येत होता. अकरा लोखंडी खाटा, गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती आणि तिला नळी नव्हती. एका सदस्याने मोरीतला नळ उघडला. नळातून नुसती हवा आली, फुसफुसत.

"आज वीज नाही ना, साहेब, मोटर बंद आहे," परांडकर म्हणाले.

आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता. सदस्याने वर बघितलं, पंख्याकडे बघितलं आणि नळ बंद केला. मला वाटलं, आता विचारेल. त्याने खिशातून सुपारी काढली.

मग हजेरीपुस्तक. अकरा मुलींची नऊ महिन्यांची हजेरी, एका अक्षरात, एकाच पेनाने. दिवाळीच्या चारही दिवशी सगळ्या हजर. भाऊसाहेबांनी पानं चाळली, शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, छान ठेवलंय. या माणसांना दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. पाहुण्याघरी जेवायला जाऊन ताटात केस निघाला तर माणूस तो गुपचूप बाजूला काढतो, तसं ते बाजूला काढत होते.

मागच्या ओसरीत मुली होत्या आणि त्यांच्याबरोबर गयाआक्का.

गयाआक्का सानप हे नाव मुंबईत कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. त्या पट्ट्यात मात्र सप्ताह गयाआक्कांशिवाय व्हायचा नाही. त्या दौऱ्याच्या पंधरा वर्षं आधी बहिणीच्या गावी मी त्यांचं एक कीर्तन ऐकलं होतं. ऊन उतरल्यापासून दिवेलागणीपर्यंत, एका पायावर बसून. नंतर पाय सरळ होईना, भाच्याने धरून घरी नेलं. त्या कीर्तनातलं एकेक वाक्य मी वर्षानुवर्षं मनात घोळवलं होतं. आक्का समोर दिसल्यावर मी चपला काढून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या एका मुलीची वेणी घालत होत्या. साठी उलटलेली, काळीसावळी, काटक बाई. कपाळाला गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ.

"कुठलं म्हनायचं, बाबा?"

मुंबईहून, समितीबरोबर आलोय, असं मी सांगितलं. तशा त्या सावरून बसल्या. त्यांनी मला जे सांगितलं ते असं. परांडकर आठ दिवसांपूर्वी त्यांच्या घरी आले होते. म्हणाले, मुंबईहून आमदार येणार आहेत. पाठशाळा चालू आहे असं बघून त्यांचं मन भरलं, तर ते खरीखुरी पाठशाळा मंजूर करतील, इमारतीसकट. मग आक्का सहा गावं पायी फिरल्या, अकरा मुली गोळा केल्या, आठ दिवसांत त्यांना टाळ धरायला आणि चाली म्हणायला शिकवलं. खाटा परवा आल्या होत्या.

"ह्यांच्या आईबापांना म्या शबुद दिलाय," आक्का म्हणाल्या. "औंदा पोरी टोळीवर न्यायच्या न्हाईत, पाठशाळा व्हतीया म्हनून. ही द्रौपदी. हिची सोयरीक ठरत व्हती, म्या जाऊन मोडली. तेवढं आज त्यांचं मन भरलं पायजे बगा."

द्रौपदी वेणी घालून घेत मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. तेरा वर्षांची असेल.

माझ्या लक्षात आलं. सगळं उलटं होतं. समितीचं मन भरलं, तर पाठशाळा झाली असं धरून मंत्र्यांचा शब्द यादीतून निघणार होता आणि मग ती कधीच होणार नव्हती. मन भरलं नाही, तरच शब्द यादीत राहणार होता आणि खात्याला जाब देत राहावं लागणार होतं. परांडकरांनी या बाईलाच तिच्या पाठशाळेच्या गळ्यावर सुरी धरायला लावली होती, आणि तीही ती सुरी आठ दिवस जिवापाड घासत बसली होती.

मी बोलणार होतो, तेवढ्यात आतून बोलावणं आलं. असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

कीर्तनासाठी सतरंजी घातली होती, पण साहेब लोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊसाहेब तेवढे खाली बसले. खरं ते सांगायला पाहिजे, त्यांच्याही गळ्यात माळ होती. बाकीच्या तिघांपैकी एकाने वर्तमानपत्र उघडलं. दुसऱ्याचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्याने तिथेच बसून कुणाच्या तरी बदलीवर चर्चा केली. तिसऱ्याला झोप लागली, तोंड उघडं. आक्कांनी नमन धरलं, अकरा टाळ एकदम वाजले आणि मी हे सगळे विसरलो.

मला त्यांचा आवाज शब्दांत सांगता येईल असं वाटत नाही. तरी एकदा मी सांगितला होता. तो प्रकार पुढे येईल.

दृष्टांत त्यांनी गाईचा घेतला. गाईचं वासरू मेलं, तर गवळी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभं करतो. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. लोक म्हणतात, गाय फसली. आक्का म्हणाल्या, गाय फसत नाही. नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू तिला वासावरून कळत नाही होय? तिला कळतं हे पेंढ्याचं आहे. पण चाटता चाटता तिला तिचं लेकरू आठवतं, आणि पान्हा त्या आठवणीला येतो. आपण देवापुढे नेतो ती भक्ती पेंढ्याचीच असते. देवाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी तो पान्हा सोडतो. हे सांगताना त्या आमदारांकडे बघत होत्या. बाई किती विश्वासाने बघत होती. आपलं वासरू पेंढ्याचं आहे हे तिने जवळजवळ कबूलच केलं होतं, आणि समोरचे दयाळू असतील असं धरून चालली होती.

मी रडलो. भाऊसाहेबांनीही डोळे पुसले. झोपलेल्या सदस्याने घोरत कूस बदलली, तेव्हा त्याच्या खुर्चीचा पाय सतरंजीवर कुरकुरला.

शेवटी परांडकर हार घेऊन आले, फोटोग्राफरही बोलावलेला. आक्कांनी हार गळ्यात घातला नाही. हातात घेऊन तो देवाच्या तसबिरीपुढे ठेवला, बुक्काही कपाळाला लावून घेतला नाही. जेवायला चला म्हटल्यावर, भाकरी बांधून आणलीया, असं म्हणून त्या ओसरीकडे गेल्या. माळकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. जिथे कीर्तन करायचं, तिथला हार घ्यायचा नाही, बुक्का लावायचा नाही आणि तिथलं अन्न पोटात घालायचं नाही. कीर्तन विकलं जाऊ नये म्हणून हा नेम. आजकाल फार थोडे पाळतात. आक्का चाळीस वर्षं पाळत होत्या.

हात धुवायला टँकर उभा केला होता. मी तिथे आक्कांना गाठलं आणि सांगितलं. समिती कशाला आली आहे, मन भरलं तर काय होईल, न भरलं तर काय होईल. अगदी थोडक्यात, इकडेतिकडे बघत. साक्षीदाराशी, खात्याच्या किंवा बाहेरच्या माणसांशी समितीच्या कामाबद्दल बोलायचं नसतं, असा आम्हाला नियम आहे. मी तो मोडत होतो आणि आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटत होतं.

आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातली चरवी टँकरच्या चाकावर ठेवली.

"तुमाला हे आत्ता कळलं?"

"नाही. तुम्ही ओसरीत बोललात तेव्हाच."

"म्हंजी कीर्तनाच्या आदी."

"होय."

"तवा येळ नव्हता?"

वेळ होता. आता इतक्या वर्षांनी लिहितोय, तर नीट लिहितो. आतून बोलावणं आलं ते चांगल्या पाव तासाने. तो पाव तास मी ओसरीत आक्कांसमोर बसून होतो. त्यांना जुन्या कीर्तनाची आठवण सांगितली, अमकी चाल आज लावाल का म्हणून विचारलं, द्रौपदीला तिचं नाव कुणी ठेवलं ते विचारलं. दोन वाक्यं बोलायची होती. ती बोललो असतो तर आक्का मुलींना घेऊन उठून गेल्या असत्या. समितीला रिकामं गोदाम दिसलं असतं आणि शब्द यादीत राहिला असता. पण कीर्तन झालं नसतं.

"मला ऐकायचं होतं, आक्का," मी म्हणालो.

दुधात काही पडलेलं दिसल्यावर बाई भांड्याकडे बघते, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. फेकावं की गाळून घ्यावं, असं. मग त्यांनी कमरेची भाकरीची गाठोडी सोडली, ती द्रौपदीच्या हातात दिली आणि जेवणाच्या मांडवात जाऊन पंगतीत बसल्या. नेमक्या भाऊसाहेबांच्या समोर.

वाढप्याने पत्रावळ टाकली. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. श्रीखंडाच्या पातेल्यावर माशा बसल्या होत्या, वाढपी त्या हाताने उडवत होता. परांडकर गडबडीने आले आणि म्हणाले, आक्का, तुमची सोय आत केलीय. आक्कांनी पुरीचा तुकडा मोडला, श्रीखंडाला लावला आणि तोंडात घातला.

भाऊसाहेबांचा घास हातात राहिला. माळकरी माणूस, त्यांना काय झालं ते बरोबर कळलं. पंगतीत बाकी कुणालाच कळलं नाही.

"आक्का," ते हळू म्हणाले, "कीर्तन केलेल्या जागेचं अन्न घेता तुम्ही?"

"न्हाई घेत, साहेब. चाळीस वर्सं झाली."

"मग?"

"आज हितं कीर्तन झालंच न्हाई. हितं पाठशाळा न्हाई. ह्या पोरी आठ दिसांच्या हायती आन खाटा परवाच्या. म्या केलं ते सोंग व्हतं. बहुरूपी सोंग दावतो आन भाकर घेतो, तशी घेतीया." त्यांनी दुसरा घास घेतला. बाईच्या गळ्याखाली तो उतरत नव्हता हे दिसत होतं, पण त्या पाणी न पिता चावत राहिल्या. मग माझ्याकडे हात केला. "लिव्हा म्हनावं ह्यांना. ह्यांना समदं ठाऊक हाय, आदीपासून."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. वर्तमानपत्र वाचणारा, फोनवाला, झोपेतून उठलेला. परांडकर, पांढरेफटक. भाऊसाहेब. माझी वही शेजारी पिशवीत होती, पिशवीची चेन उघडी होती आणि पेन्सिल वर आलेली दिसत होती. समितीच्या अध्यक्षासमोर, तीन सदस्यांसमोर एक माणूस सांगतोय की पाठशाळा नाही. मी वही काढून नुसतं लिहायला घेतलं असतं, तर भाऊसाहेबांना ते खोडायला सांगावं लागलं असतं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. कदाचित त्यांनी सांगितलंही असतं. पण सांगावं लागलं असतं.

"जेवणाच्या वेळचं लिहीत नाहीत, आक्का," मी म्हणालो.

अगदी नम्रपणे म्हणालो. लहान मुलाला समजवावं तसं. आणि नियम खरोखरच तसा होता.

भाऊसाहेबांनी श्वास सोडला. वाढप्याला म्हणाले, "आक्कांना श्रीखंड वाढ." वाढप्याने मोठा गोळा वाढला. आक्कांनी मान खाली घालून तो सगळा खाल्ला. भात खाल्ला, भाजी खाल्ली, पत्रावळीवर शीतही ठेवलं नाही. पलीकडे कुणीतरी बदलीचा विषय पुन्हा काढला. मीही जेवलो. सांगायला लाज वाटते, पण भूक लागली होती. मठ्ठा दोनदा घेतला.

दुपारी विश्रामगृहात परांडकरांची साक्ष झाली, शपथेवर. पाच प्रश्न, बारा मिनिटं. मुली किती, अकरा. शिक्षक किती, एक. पाणी, वीज, होय. मी पेन्सिल चालवत होतो. माझ्या लघुलिपीत कधी चूक निघाली नाही, तेव्हाही निघाली नाही. साक्षीदारांच्या यादीत आक्कांचं नाव नव्हतं. मी बाहेर बघितलं तर त्या मुलींना घेऊन पायी निघाल्या होत्या. टाळ कुणाचे तरी मागून आणलेले होते, ते द्रौपदीच्या डोक्यावर पाटीत होते आणि ती चालेल तसे वाजत होते.

सदस्य देवीला गेले. भाऊसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. ते पलंगावर पाय पसरून, गाडीच्या किल्लीने कान कोरत होते. किल्ली काढून तिच्या टोकाकडे बघितलं, धोतराला पुसली आणि पुन्हा कानात घातली. मला ओकारी येईल असं वाटलं, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो.

ते रागावले नव्हते. उलट समजुतीने बोलत होते. शब्द देणारा मंत्री गेला, खातं दुसऱ्याकडे गेलं, आता हा शब्द आणखी दहा वर्षं यादीत ठेवला तरी पाठशाळा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग यादी तरी का लांबवायची? यादी लांबली की सभागृहात समितीचंच हसं होतं. मग म्हणाले, आज तुम्ही त्या बाईशी काही बोललात असं कानावर आलंय, मी ते ऐकलं नाही असं समजा. आणि शेवटी म्हणाले,

"खेडलेकर, तुम्हाला कीर्तनातलं कळतं. टिपणात त्या कीर्तनावर चार-सहा चांगल्या ओळी लिहा. बाईंचाही मान राहील."

बाईंचाही मान राहील. हे मला पटलं. मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलो आणि लिहिलं. आवाजाबद्दल लिहिलं, की तो गळ्यातून येत नाही, उन्हात तापलेल्या खडकातून पाणी पाझरावं तसा येतो. अकरा टाळ एका टाळासारखे वाजले ते लिहिलं. गाईचा दृष्टांत लिहिला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले ते लिहिलं. सरकारी टिपणात असं लिहायचं नसतं, पण कुणी एक अक्षर खोडलं नाही. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

हिवाळी अधिवेशनाच्या आधी समितीची बैठक झाली. गैरहजर राहिलेल्या सदस्यांपैकी एक बाई नव्याने निवडून आलेल्या होत्या, चौकस होत्या. नऊ महिन्यांत शिक्षक एकच कसा, असं त्यांनी विचारलं. भाऊसाहेबांनी त्यांना टिपणाचं पान चौदा, माझ्या त्या सहा ओळी, वाचायला सांगितलं. बाईंनी मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्यांचा आवाज जड झाला. शेवटी म्हणाल्या, अशी पाठशाळा असेल तर मला काही विचारायचं नाही. शब्द यादीतून काढला. काढल्याचा ठराव मी उतरवून घेतला.

त्या वर्षीच्या ऊसतोडीच्या टोळ्या तोवर खाली कारखान्यांवर पोचल्या होत्या. द्रौपदीचं काय झालं ते मला माहीत नाही. बहिणीला एक पत्र टाकलं असतं तर कळलं असतं. आक्का त्यानंतर पाच-सहा वर्षं होत्या, कीर्तनं करत होत्या म्हणे. मी गेलो नाही.

परांडकरांचा मात्र फोन आला होता. खात्याच्या वार्षिक पुस्तिकेत त्यांनी त्या ओळी छापल्या, फोटोसकट. म्हणाले, खेडलेकर, तुमच्या लेखणीने आम्हाला तारलं. पुस्तिकेची एक प्रत पाठवली. मी ती फेकली नाही. भाऊसाहेबांची, परांडकरांची शिसारी मला तेव्हाही आली होती, आजही येते, पण ती पाणी प्यायलं की खाली बसते. कधी कपाट आवरताना ती पुस्तिका हाताशी लागते. मी त्या सहा ओळी वाचतो. आजही वाचताना डोळ्यांत पाणी येतं. इतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.